सोलापूर ते न्यूयॉर्क: विमानाचं अंतर आणि तिकिटावरचे तास जुळत का नाहीत?

होटगीरोडकर

मंडळी, हिशोबात गाडी अडली आहे. घरातले दोन ज्येष्ठ जानेवारीत मुंबईहून न्यूयॉर्कला जाणार आहेत. नेटवर अंतर साधारण १२,५०० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर जेमतेम चौदा तास होतात. तिकिटाच्या नमुन्यात मात्र मुंबई ०१:३० आणि न्यूयॉर्क ०६:४५, तेही त्याच तारखेला! म्हणजे सव्वापाच तास? परतीला दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३० ला मुंबई, म्हणजे साडेचोवीस तास?

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. खरे तास किती? जाता-येता फरक का पडतो? आणि सोलापुरातून घर कधी सोडायचं, म्हणजे धावपळही नको आणि विमानतळावर दिवसभर ताटकळणंही नको? दुबई किंवा लंडनमार्गे गेलं तर अंतर किती वाढतं तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

अक्षांश_रेखांश

आधी घड्याळ सोडवू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावाची स्थानिक वेळ असते, त्यामुळे दोन वेळांची थेट वजाबाकी करायचीच नाही. जानेवारीत न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं. जाताना घड्याळात दिसणाऱ्या ५:१५ मध्ये १०:३० मिळवा, १५ तास ४५ मिनिटं होतात. येताना २४:३० मधून १०:३० वजा करा, १४ तास उरतात. हे खरे तास.

अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या काळात फरक साडेनऊ तासांचा. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक पाचाऐवजी चार तासांचा असतो. मार्चचं तिकीट काढून जानेवारीच्या वेळा गृहीत धरणाऱ्यांचा गोंधळ इथेच होतो.

आता अंतर. नेटवरचा आकडा बरोबर आहे, पण तो कुठून आला हे कळलं तर पुढचं सोपं जाईल. शास्त्रीय कॅल्क्युलेटर अंशांवर ठेवा. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून रेखांशांची बेरीज: १४६.६५ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७० × ०.६५१३ = ०.२१३०.
दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, त्याला १४६.६५ च्या कोसाइनने गुणून: ०.९४५० × ०.७५८८ × (−०.८३५४) = −०.५९९०.
बेरीज −०.३८६०. याचा उलटा कोसाइन ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरले की १२,५३२ किलोमीटर.

पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने या रीतीत पाव-अर्धा टक्का इकडेतिकडे होतं, ते सोडून द्या. कोसाइनचं उणे चिन्ह विसरलात तर मात्र उत्तर साडेतीन-चार हजार किलोमीटरवर येईल. आलं तर चिन्ह तपासा.

हा सर्वांत जवळचा मार्ग भिंतीवरच्या नकाशात सरळ दिसत नाही. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्कमध्ये दोरा ताणून धरा. तो वायव्येला निघतो, पाकिस्तान, मध्य आशिया आणि रशियावरून चढत आइसलँडच्या जरा पूर्वेला ६४-६५ अंश उत्तरेपर्यंत जातो आणि मग कॅनडाच्या बाजूने खाली उतरतो. सपाट नकाशावर हीच रेघ मोठी कमान दिसते. विमान उगाच उत्तरेला वळसा घेतंय असं वाटतं, तो वळसा नसतोच.

जेटस्ट्रीम

वरचं गणित चोख आहे. मी तासांचं सांगतो.

'ताशी ९००' हा वेग हवेच्या सापेक्ष असतो. बोइंग ७७७ साधारण ०.८४ माखने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट वेगाने उडतं. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ५६ अंशांच्या आसपास असतं आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळ. म्हणजे विमानाचा वेग सुमारे ८९०. ७८७ थोडं पुढे, ०.८५ माख. एवढ्याशा फरकाने प्रवासात दहा-पंधरा मिनिटं फार तर वाचतात, त्यामुळे विमान कुठलं यावरून तासांचा अंदाज बांधू नका.

खरा फरक वारा पाडतो. मध्य अक्षांशांत नेमक्या याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेटस्ट्रीम, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहते. ताशी १५०-२०० किलोमीटर हे नेहमीचं, हिवाळ्यात काही पट्ट्यांत ३०० च्या पुढेही. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. विमान संपूर्ण वाटेत त्या पट्ट्यात नसतं. जाताना कंपनीचे नियोजक तो पट्टा टाळून मार्ग आखतात, येताना मुद्दाम त्यात शिरवतात. सरासरी काढली तर जाताना ताशी ४०-५० चा विरोध आणि येताना तेवढीच किंवा थोडी जास्त मदत धरायला हरकत नाही.

हिशोब असा: प्रत्यक्ष मार्ग १२,९०० किलोमीटर धरा, कारण हवाईमार्ग कधीच दोऱ्यासारखा सरळ मिळत नाही. जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग ८५० असेल तर १५ तास १० मिनिटं. येताना ९४० असेल तर १३ तास ४५ मिनिटं. यात धावपट्टीपर्यंत सरपटणं, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, कधी न्यूयॉर्कवर घ्याव्या लागणाऱ्या घिरट्या मिळवा. तिकिटावरचे तास दाराशी लावलेला जिना सुटल्यापासून तिकडच्या दाराशी थांबेपर्यंतचे असतात, चाकं जमिनीवरून उचलल्यापासूनचे नव्हेत. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा सुटलेलं विमान बरेचदा वेळेवर पोचतं.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून जाताना विमान लवकर पोचायला हवं, असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवेलच. हवा पृथ्वीबरोबरच फिरते, तेव्हा ते बाद.

नेमका आकडा हवा असेल तर फ्लाइटरडारसारख्या साइटवर त्या उड्डाणाचा क्रमांक टाका. मागच्या काही दिवसांचा प्रत्यक्ष उड्डाणकाळ दिसतो. जानेवारीतल्या प्रवासासाठी जुलैचे आकडे बघू नका.

होटगीरोडकर

झकास! घड्याळ आणि वारा दोन्ही डोक्यात बसलं. पण दोरा पाकिस्तानवरून जातो म्हणालात. भारतीय विमानांना तर ते आकाश बंद आहे ना? मग हा १२,९०० चा आकडा टिकतो का?

जेटस्ट्रीम

टिकतो, आणि त्याचं कारण मुंबईची जागा. २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं, त्याचा मोठा फटका दिल्लीला बसला. तिथून उत्तर अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना वाटेत व्हिएन्ना, कोपनहेगनसारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावं लागलं. मुंबईचं विमान थेट अरबी समुद्रावर निघून आखाताच्या बाजूने तुर्कस्तान, युरोप असं जाऊ शकतं.

हेही मोजून बघा. मुंबई–इस्तंबूल ४,८३० आणि इस्तंबूल–न्यूयॉर्क ८,०३०, एकूण १२,८६०. दोऱ्याच्या अंतरापेक्षा फक्त सव्वातीनशे किलोमीटर जास्त, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. एवढ्या लांबच्या प्रवासात मधला बिंदू थोडा बाजूला सरकला तरी एकूण अंतर फारसं वाढत नाही.

उलट बाजूने, रशियाचं आकाश २०२२ पासून युरोप, ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडाच्या कंपन्यांना बंद आहे, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. त्यामुळे एकाच दिवशी दोन कंपन्यांची विमानं वेगळ्या वाटांनी गेलेली दिसतात. मधल्या आखाताचं आकाश मात्र बेभरवशाचं. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकने ते बंद केलं तेव्हा सगळ्यांचीच वाट बदलली. अशा वेळी तास-दीड तास सहज वाढतो. प्रवासाच्या आदल्या दिवशी बातम्या बघून ठेवा.

थांबा_नको

दुबई-लंडनचं विचारलंय तर वरच्याच रीतीने आकडे देतो. दुबईमार्गे १,९२५ आणि ११,००० मिळून १२,९२५. लंडनमार्गे ७,२१० आणि ५,५४० मिळून १२,७५०. म्हणजे थांबा घेतल्याने किलोमीटर दोन-चारशेनेच वाढतात. तास मात्र पाच-सहाने वाढतात, कारण ते जमिनीवर जातात. सिंगापूरमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर ३,९०० अधिक १५,३००, म्हणजे १९,००० च्या वर. ज्येष्ठांसाठी त्या तिकिटाकडे बघूही नका.

थांब्याबाबत तीन पथ्यं. पहिलं, दोन्ही उड्डाणं एकाच पीएनआरवर हवीत. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटं काढली तर तो खर्च तुमचा. दुसरं, दोन तासांच्या आतला थांबा ज्येष्ठांना नको. साइट ७० मिनिटांचाही विकते, कारण किमान वेळेच्या नियमात तो बसतो. पण व्हीलचेअरचा प्रवासी सर्वांत शेवटी उतरतो आणि टर्मिनल बदलायचं असेल तर तिथेच अर्धा तास जातो. तिसरं, न्यूयॉर्कच्या पुढे आणखी उड्डाण असेल तर सामान अमेरिकेतल्या पहिल्या विमानतळावर उचलून पुन्हा द्यावं लागतं, शेवटच्या गावाचा टॅग लावलेला असला तरी. इमिग्रेशनही तिथेच. त्यासाठी तीन तास ठेवा. अबुधाबीला मात्र अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच उरकतं आणि न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. त्या बदल्यात अबुधाबीचा थांबा ऐसपैस हवा.

माझं मत विचाराल तर थेट विमान मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊनही तेच घ्या. थेट उड्डाणं हंगामाप्रमाणे सुरू-बंद होतात, तारीख टाकूनच खात्री करा.

सात_रस्ता

थेटच घ्या, हे सरसकट पटलं नाही. पंधरा-सोळा तास एका खुर्चीत काढणं गुडघे धरलेल्या माणसाला सोपं नसतं. मध्ये तीन तास पाय मोकळे झाले तर तो थांबा वाया गेला असं म्हणता येत नाही. दोघांची तब्येत बघून ठरवा.

थांबा घ्यायचाच तर सोलापूरकरांना हैदराबादही आहे. हायवेने ३००-३१० किलोमीटर, मुंबई ४०० च्या आसपास. शमशाबाद विमानतळ गावाच्या दक्षिणेला आहे. जहीराबाद, संगारेड्डी करत पाटणचेरूपाशी बाह्यवळण रस्त्याला लागलं की हैदराबाद शहरात शिरावंच लागत नाही. सहा तासांत गाडी दारात, आणि खंडाळ्याचा घाट नाही, मुंबईची कोंडी नाही. तिथून दुबई, दोहा, अबुधाबी, लंडन असे पर्याय आहेत. दुबईपर्यंत मुंबईपेक्षा ६०० किलोमीटर जास्त पडतात, म्हणजे हवेत पाऊण तास. रस्त्यावर त्याहून जास्त वाचतो.

रेल्वे_लाइन्स

आता सोलापूरची बाजू. सरळ रेषेत मुंबई ३६० किलोमीटर, रेल्वेने ४५५.

पहिली चूक तारखेची. विमान १६ तारखेला ०१:३० ला असेल तर ती १५ ची मध्यरात्र. १५ च्या रात्री दहाला विमानतळावर हजर राहायचं. १६ च्या रात्री बॅगा घेऊन जाणारे दरवर्षी निघतात, आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

वंदे भारत सोलापूरहून सकाळी ६:०५ ला निघते आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. दादरला त्याआधी. मध्यरात्रीनंतरच्या विमानाला ही उत्तम, फक्त सोलापूरहून ती गुरुवारी नसते. विमान शुक्रवारी ०१:३० चं असेल तर तुम्हाला लागणारी गाडी नेमकी गुरुवारची! मग बुधवारी रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा. ती साडेदहाच्या आसपास सुटून सकाळी मुंबईत सोडते आणि दिवस हाताशी राहतो. तो दिवस वाया गेला असं समजू नका. पावसाळ्यात कर्जत-लोणावळा घाटात दरड आली की गाड्या तासन्‌तास अडकतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर आदल्या रात्रीच मुंबई गाठलेली बरी. जानेवारीत दरडीची भीती नाही, पण संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, गड्ड्याच्या, म्हणजे या जत्रेच्या, दिवसांत आरक्षण मिळणं मुश्कील. आगाऊ आरक्षण उघडताच तिकीट काढा.

दादर किंवा सीएसएमटीहून विमानतळाला मेट्रो ३ आता थेट जाते, टर्मिनल २ चं (टी-२) स्वतंत्र स्थानक आहे. हातात एखादी बॅग असेल तर मेट्रो. चार मोठ्या बॅगा असतील तर दादरहून टॅक्सी, आणि संध्याकाळी पाच ते आठ टाळून.

सोलापूर–मुंबई विमान ऑक्टोबर २०२५ पासून आहे. होटगी रोडच्या विमानतळावरून तासाभराचा प्रवास, पाच तास वाचतात. पण तीन गोष्टी तपासल्याशिवाय त्यावर अमेरिकेचं विमान जोडू नका. ते रोज आहे का. वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये किमान सहा-सात तास आहेत का. आणि सामान किती चालतं. अमेरिकेच्या तिकिटावर साधारणपणे प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगांपर्यंत मिळतात, देशांतर्गत उड्डाणावर १५ किलोच्या आसपास. दोघांचं साठ किलो जादा सामान म्हणजे तिकिटाइतकाच भुर्दंड बसायचा. माणसं विमानाने आणि बॅगा रेल्वेने, असंही करता येतं, बरोबर जाणारं कुणी असेल तर.

अजून एक, तिकिटावर विमानतळाचा कोड वाचा. बीओएम म्हणजे मुंबईचं सहार. एनएमआय म्हणजे नवी मुंबई, डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेलं. गाडीने जाणाऱ्या सोलापूरकराला नवी मुंबई आधी लागते, पण विमान सहारहून असेल तर उपयोग काय!

होटगीरोडकर

गुरुवारची गोष्ट लाखमोलाची! आता एकूण वेळ मांडून बघतो. १५ ला पहाटे ५:१५ ला घर सोडलं. न्यूयॉर्कला १६ च्या सकाळी ०६:४५, म्हणजे आपल्याकडे १६ च्या संध्याकाळी ५:१५. हे ३६ तास झाले. वर इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास. ३८ तास धरू का?

अक्षांश_रेखांश

धरा. त्यातले जेमतेम पंधरा हवेत. कुणी "किती तासांचा प्रवास" विचारलं तर कुठून कुठपर्यंत ते आधी विचारून घ्या!

थांबा_नको

दोघांच्या बाबतीत उरलेलं सांगतो. व्हीलचेअर हवी असेल तर कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा, काउंटरवर ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं. विमानतळावर तीन तास आधी, व्हीलचेअर असेल तर साडेतीन. काउंटर सुटण्याच्या तास-सव्वातास आधी बंद होतो. अमेरिकेच्या उड्डाणांना गेटजवळ पुन्हा तपासणी होऊ शकते, त्यामुळे खरेदी करत रेंगाळू नका.

रोजच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन घेणाऱ्यांनी वेळापत्रक आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. जाताना दिवस साडेदहा तासांनी लांबतो, येताना तेवढाच आखडतो, आणि मनगटावरचं घड्याळ बघून डोस घेतला तर एखादा चुकतो किंवा दोनदा होतो. पायांत रक्त साकळू नये म्हणून दर दोन तासांनी उठून चालणं, पाणी पिणं. आधी असा त्रास झालेला असेल तर दाबाचे मोजे डॉक्टरांना विचारून. जागा मधल्या वाटेकडेची घ्या, खिडकीची नको.

शेंगाचटणी जाणारच, त्याशिवाय सोलापूरचा माणूस विमानात चढत नाही. ती मोठ्या बॅगेत ठेवा. अमेरिकेच्या उड्डाणात हातातल्या बॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असली की वेगळी तपासणी होते. कडक भाकरीला अडचण नाही. मात्र खाण्याचं जे काही असेल ते अमेरिकेच्या कस्टम्सला विचारतील तेव्हा 'आहे' म्हणून सांगा. ताजी फळं, बी-बियाणं आणि मांसाचे पदार्थ नकोत. अख्खं सुकं खोबरंही ठेवू नका, तेलकट असल्याने ते पेट घेऊ शकतं म्हणून विमानतळावर काढून घेतात.

सात_रस्ता

परतीचंही आत्ताच ठरवून टाका. दुपारी १२:३० ला मुंबईत उतरले की बाहेर पडेपर्यंत दोन-अडीच वाजतील. वंदे भारत सीएसएमटीहून संध्याकाळी चारनंतर सुटते, पण त्या बाजूने ती बुधवारी नसते. इतर दिवशीही दीड तासात बॅगांसह सहारहून स्टेशन गाठणं म्हणजे जुगार, विमान तासभर उशिरा आलं की संपलं. त्यापेक्षा रात्रीच्या सिद्धेश्वरचं आरक्षण ठेवा आणि दुपार विमानतळाजवळ खोली घेऊन झोपेत घालवा. सकाळी गाडी सोलापुरात.